समाधान उजागरे यांना दहापैकी शून्य

डिसेंबर २०००च्या पहिल्या शुक्रवारी समाधान उजागरे यांना समजले की आपण प्रार्थनेच्या विरोधात आहोत. समजले तेही प्रार्थनेला गेल्यावर.

हॉलच्या दारावर एक कागद चिकटवला होता. वर ठळक अक्षरांत ‘आपले उमेदवार, त्यांची मते’ असे लिहिले होते आणि खाली दोन रकाने होते, एक शलमोन साळवे यांचा, दुसरा समाधान उजागरे यांचा. डावीकडे दहा विषय. प्रार्थना, बायबलवाचन, व्यसनमुक्ती, दशांश, कुटुंब, असे उतरत उतरत शेवटी शिस्त. शलमोनरावांच्या रकान्यात दहा वेळा ‘होय’ आणि समाधानच्या रकान्यात दहा वेळा ‘नाही’.

समाधानने चष्मा काढला, पुसला, परत लावला. दहाच्या दहा जागच्या जागी होत्या.

“पपा,” शेजारी उभी असलेली तेरा वर्षांची स्वप्नाली म्हणाली, “यू आर अगेन्स्ट फॅमिली ऑल्सो?”

“तो पाचवा प्रश्न होता,” समाधान म्हणाला. “चल आत.”

दुबईत रविवार कामाचा, त्यामुळे ख्रिस्ती माणसाचा रविवार तिथे शुक्रवारीच उरकून घ्यावा लागे. चर्चच्या आवारातल्या त्या एका हॉलमध्ये सकाळपासून एकामागून एक भाषा येत आणि जात. मराठीची पाळी दुपारी साडेतीन ते पाच. पाचला तमिळ. तमिळ मंडळी पावणेपाचलाच ढोलक घेऊन दाराबाहेर उभी राहत, आणि काचेतून सगळ्यांना दिसेल अशा बेताने उभी राहत, त्यामुळे मराठी उपदेशाला आपोआप एक वळण लागले होते. अल मनखूल आणि करामामधली बिऱ्हाडे, इस्पितळांतल्या नर्सबाया आणि अल कूजच्या कॅम्पमध्ये राहणारे पंधराएक कामगार, अशी बावन्न सभासदांची ही मंडळी. जवळजवळ सगळे नगर जिल्ह्यातले. सगळ्यांना सगळ्यांचे आजोबा माहीत.

समाधान एका एसी बसवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होता आणि सहा वर्षे या मंडळीचा चिटणीस; मंडळीला स्वतःचा पास्टर नसल्यामुळे उपदेशही बहुधा तोच करी. चिटणिसाची निवडणूक दर डिसेंबरात होई, आणि मंडळीचे दप्तर समाधानच्या पलंगाखाली असल्यामुळे दर डिसेंबरात तोच निवडून येई. दारूच्या थेंबाला तो शिवलेला नव्हता. अकरा वर्षांत त्याचा एकच शुक्रवार चुकला होता, तोही मूतखड्यामुळे. अशा माणसाला प्रार्थनेत शून्य मिळाले, त्याला कारण टेक्सास.

मंडळीच्या अध्यक्ष मृणालिनीताई गायकवाड ऑक्टोबरपासून दीड महिना टेक्सासला मुलाकडे राहून आल्या होत्या. त्या वर्षी तिकडे निवडणूक होती. तिथल्या चर्चमध्ये उपासना संपली की दारात एक गुळगुळीत कागद वाटत. उमेदवारांना प्रश्नावली पाठवायची, आलेली उत्तरे होय-नाहीच्या रकान्यांत छापायची, की झाले. कोणता उमेदवार देवाला पसंत पडेल हे माणसाला गाडीपर्यंत पोहोचायच्या आत कळे. मृणालिनीताईंना ही सोय फार आवडली. त्या दुबईला परतल्या तेव्हा तिकडची मतमोजणी काही केल्या संपत नव्हती, पण कागदाचा नमुना त्यांच्या पर्समध्ये सुखरूप होता.

इथेही या वर्षी दुसरा उमेदवार उभा होता. शलमोनराव साळवे दुबईच्या देरा भागात टाइल्सच्या शोरूमचे मॅनेजर. माणूस दिलदार, आवाज भरदार, नाताळच्या नाटकात दरवर्षी हेरोद राजा तेच. दुबईत बिगरमुस्लिम माणसाला घरी बाटली न्यायची तर परमिट लागे, आणि त्या अर्जात धर्म लिहावा लागे. शलमोनराव म्हणत, एवढ्या अभिमानाने मी धर्म दुसऱ्या कुठल्याच अर्जात लिहिलेला नाही. परमिट त्यांनी पाहुण्यांसाठी काढले होते. पाहुणे नसतील त्या दिवसांत ते पाहुण्यांची आठवण काढत.

मृणालिनीताईंची प्रश्नावली शलमोनरावांनी सिग्नलला गाडी थांबली असताना भरली. दहा वेळा होय. सिग्नल हिरवा झाला तेव्हा दोन प्रश्न वाचायचे राहिले होते, तेही होय.

समाधानने ती घरी आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि नीट वाचली. सगळा गोंधळ इथून सुरू झाला. पहिला प्रश्न असा: ‘प्रत्येक सभासदाच्या घरी सकाळची प्रार्थना सक्तीची करावी व समितीने अचानक भेट देऊन तपासणी करावी, यास आपला पाठिंबा आहे काय?’ तिसरा: ‘व्यसनी सभासदाचे नाव त्याच्या कंपनीस लेखी कळवावे, यास आपला पाठिंबा आहे काय?’ नववा: ‘ज्याची हजेरी शंभरात पंचाहत्तर नाही त्यास मंडळीचा दाखला देऊ नये, यास?’ दहावा: ‘साडेतीनला दार आतून लावून घ्यावे, यास?’

“होय लिहून मोकळे व्हा ना,” छाया म्हणाली. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. बायको असली तरी ती नर्स होती, त्यामुळे रोग लवकर ओळखायची. “होय म्हटल्यानं तुमच्या खिशातलं काय जातंय?”

“माझ्या नाही. केरूच्या जातंय.”

“बघा, मी म्हटलंच होतं, यात केरू असणार.”

केरू पारखे कॅम्पमधल्या माणसांपैकी एक, शटरिंग सुतार, वय पंचेचाळीस. सहा वर्षांपूर्वी दुबईला आला तेव्हा त्याने भलताच प्रामाणिकपणा केला. बाकीच्यांनी आपापली नावे गावच्या चर्चच्या वहीत तशीच ठेवली होती. केरूने पास्टरांना सांगून आपले नाव तिथून रीतसर काढले, दाखला घेतला आणि तो दुबईच्या मंडळीत जमा केला. त्यामुळे गावच्या वहीत केरू नव्हता. आता जानेवारीअखेर त्याच्या मुलीचे लग्न होते. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. आणि मुलीचा बाप कुठल्या मंडळीचा सभासद आहे याचा दाखला पुढ्यात आल्याशिवाय गावचे पास्टर घोषणा वाचायला तयार नव्हते. सात जानेवारीचा पहिला रविवार गाठायचा होता.

दाखल्यावर चिटणीस आणि अध्यक्ष अशा दोन सह्या लागत. समाधानची झाली होती. मृणालिनीताईंनी कागद पर्समध्ये ठेवून दिला होता. “निवडणूक होऊ दे,” त्या म्हणाल्या होत्या. “नवा चिटणीस, नवे नियम. मग बघू.”

नव्या नियमांत केरू कुठेच बसत नव्हता. कंपनीची बस कॅम्पातल्या माणसांना चारला सोडायची, म्हणजे तिसऱ्या गीताला. महिन्यातले दोन शुक्रवार ओव्हरटाइम. शिवाय पगार झाला की केरू कधीकधी घ्यायचा. लपवायचाही नाही. आणि कंपनीला नाव कळले, की व्हिसाची कामे बघणारा पीआरओ दुसऱ्या दिवशी तिकीट हातात ठेवायचा. मुलीच्या लग्नाला केरू मग अगदी वेळेवर पोहोचला असता, कायमचा.

“देवाचं काम आता पीआरओकडून करून घ्यायचं?” समाधान म्हणाला.

“माझ्यावर कशाला डाफरता? मी काय कमिटी आहे का?”

समाधानने दहा वेळा ‘नाही’ लिहिले. माणूस स्टोअरकीपर, माल का नाकारला ते लिहिल्याशिवाय त्याला राहवेना. प्रत्येक प्रश्नाशेजारी समासात त्याने बारीक अक्षरांत लिहिले: ‘करावी. करायला लावू नये.’ चर्चला पगाराचा दहावा हिस्सा देण्याच्या, म्हणजे दशांशाच्या प्रश्नाशेजारी ‘द्यावा. घेऊ नये.’ दाराशेजारी ‘उघडे असावे.’

त्या शुक्रवारी उपासना संपल्यावर त्याने मृणालिनीताईंना गाठले.

“ताई, मी समासात लिहिलं होतं.”

“वाचलं ना मी. छान लिहिलंय.”

“मग इथं कुठं दिसत नाही ते.”

“समास रकान्यात बसत नाही, समाधान. आणि एवढा मोठा प्रश्न तरी कसा बसेल? म्हणून मी एकेक शब्द घेतला.” त्यांनी दारावरच्या कागदाकडे कौतुकाने पाहिले. “टेक्सासला अस्संच असतं. लोकांना वेळ कुठं असतो?”

“पण मी रोज प्रार्थना करतो.”

“मला माहीत आहे रे. पण तुझं उत्तर नाही आहे.”

मृणालिनीताई वाईट बाई नव्हत्या. चोवीस वर्षांत दुबईला नव्याने आलेल्या किती नर्सना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, याची मोजदाद त्यांनाही नव्हती. माणसे चांगली व्हावीत अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि वय झाल्यामुळे थोडी घाई.

“ताई, एक सांगू? देवानंच माणसाला नाही म्हणायची मुभा ठेवली. ती परत घ्यायला आपली समिती नेमलेली नाही.”

“तू हे पाच मिनिटांच्या भाषणात बोल,” ताई म्हणाल्या. “पंधरा तारखेला, मतदानाआधी. पाच म्हणजे पाच हं.”

मागे खुर्च्या एकावर एक रचत असलेला केरू पुढे आला. “दादा, माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं म्हनं.”

“तुझ्यापायी नाही. समासापायी.”

केरूला समास कोण ते ठाऊक नव्हते. त्याने मान हलवली. “मंग दाखल्याचं?”

“बघू,” समाधान म्हणाला. दुबईत इतकी वर्षे काढल्यावर त्याच्या तोंडून ‘इन्शाल्ला’ निघायला हवे होते, पण चर्चच्या दारात त्याने ते आवरले.

रमजान चालू होता. दिवसा रस्त्यात खाणे-पिणे कायद्याने बंद, म्हणून समाधान स्टोअरमध्ये डक्टच्या पत्र्यांमागे पाठमोरा बसून डबा खाई. सोमवारी डिलिव्हरीचा पिकअप चालवणारा तय्यब गेटपासवर सही घ्यायला तिथे आला. तय्यब दापोलीकडचा, नऊ वर्षांची ओळख.

“खा, खा. मी बघत नाय,” तय्यब म्हणाला आणि समोरच्या खोक्यावर बसला.

समाधानने डबा झाकला. “तुला त्रास नको.”

“मला कसला त्रास? वास बरा आहे. मेथी ना?”

समाधानने त्याला सगळे सांगितले, टेक्सासपासून पीआरओपर्यंत. मग विचारले, “तय्यबभाई, खरं सांग. इथं पोलिसाची भीती आहे म्हणून लोक रस्त्यात खात नाहीत. त्याने तुझा रोजा सोपा होतो का?”

तय्यबने विचार केला. “त्यानं तुझा डबा पत्र्याआड जातो. माझा रोजा त्यानं होत नाय. दुपारी दोनला मी जबल अलीच्या रस्त्याला गाडीत एकटा असतो. शेजारी थंड पाण्याची बाटली. कोण बघतंय? पोलीस नाय, मालक नाय, बायको तर नायच नाय. तरी पीत नाय. तो रोजा. बाकीचा कायदा, तो सरकारचा. त्यांचं त्यांच्यापाशी.”

“हेच मी समासात लिहिलं होतं.”

“तू लिहितोस फार, उजागरे.” तय्यबने सहीसाठी कागद पुढे केला. “आमच्या मोहल्ल्यात एक चाचा होते. हा नमाजला आला नाय, तो आला नाय, यादी ठेवायचे. एकदा एकानं विचारलं, चाचा, यादी आमची तुम्ही करता, तुमची कोण करतो? तेव्हापासून यादीची वही हरवली ती आजपर्यंत सापडली नाय. चल, यल्ला, सही कर.”

समाधानने सही केली. तय्यब गेल्यावर डबा उघडायचे तो विसरला.

आठ तारखेच्या शुक्रवारी त्याने उपासनेनंतर हात वर केला. उमेदवारांना प्रश्न विचारले, ते योग्यच झाले. आता उमेदवारालाही मतदारांना काही विचारायचे आहे, परवानगी असावी. मृणालिनीताईंना प्रश्नावली म्हटले की नाही म्हणता येईना. समाधानने बावन्न कागद वाटले. त्यात तेच दहा नियम होते, ताईंच्याच शब्दांत, पूर्ण. त्यापुढे एकच रकाना: ‘हा नियम कुणासाठी हवा आहे? नाव लिहावे. नको असल्यास कोरे सोडावे.’ खाली सूचना: ‘भरणाऱ्याने स्वतःची सही करू नये.’

एरवी मंडळीत कागद वाटले की निम्मे खुर्चीखाली सापडत. या दिवशी पेने कमी पडली. लोक हात आडवा धरून लिहीत होते, शाळेतल्यासारखे. नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून बसले. अर्पणाच्या थैलीत कागद गोळा केले तेव्हा थैली पहिल्यांदाच भरून वर आली.

घरी समाधान आणि छाया टेबलावर कागद पसरून बसले.

“व्यसनमुक्ती,” छाया मोजत म्हणाली, “शलमोनराव, एकवीस. यातलं एक अक्षर त्यांच्या बायकोचं आहे.”

“अक्षरं ओळखायची नाहीत.”

“मी ओळखत नाहीये, ते दिसतंय.” तिने पुढचा कागद घेतला. “चहाड्या न करणे. मृणालिनीताई, चौदा. सकाळची प्रार्थना. हे बघा, सासूबाईंचं नाव लिहिलंय कुणीतरी, व्हिजिट व्हिसावर आलेल्या.”

“माझं नाव आहे का कुठं?”

“वक्तशीरपणात. उपदेश वेळेत संपवणे. अकरा वेळा.”

समाधानने विचारले, “त्यातलं तुझं एक आहे का?”

“सही करू नये असं तुम्हीच लिहिलंय खाली,” छाया म्हणाली.

एक कागद हिरव्या शाईतला होता. हिरव्या शाईने सबंध दुबईत एकच मराठी बाई लिहीत असे. त्यात व्यसनमुक्ती, हजेरी आणि शिस्त या तिन्ही ओळींपुढे लिहिले होते: केरू पारखे.

अगदी शेवटी एक कागद निघाला. तो छायाने दोनदा वाचला. त्यात दहाही ओळी भरलेल्या होत्या आणि दहाही ओळींत तेच लिहिले होते: ‘केरू बाबुराव पारखे’, पुढे गाव, तालुका शेवगाव, आणि त्यापुढे पासपोर्ट नंबर. गल्फमध्ये आल्यापासून केरूने जितके अर्ज भरले त्या सगळ्यांत पासपोर्ट नंबर लागला होता. नियम स्वतःसाठी मागायचा तरी तो लागणारच, असे त्याने धरले असावे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता, नंबर केरूच्या डोक्यात. दहा वेळा लिहूनही एक आकडा चुकला नव्हता.

“चहाड्या न करण्यातसुद्धा स्वतःचं नाव,” छाया म्हणाली. “तो बोलतो तरी का कुणाशी?”

पंधरा तारखेला उपासना आखूड केली. सव्वाचारला सभा सुरू झाली. कॅम्पची माणसे तिसऱ्या गीताला येऊन शेवटच्या रांगेत बसली होती.

शलमोनरावांनी पाचपैकी दोनच मिनिटे घेतली. “मी काय बोलणार? दारावरचा कागद बोलतोय. दहा वेळा होय. नाही हा शब्द मी आयुष्यात वापरलेला नाही.” लोक हसले. त्यांची बायको हसली नाही.

समाधान उठला. हातात कागदांचा गठ्ठा होता. गठ्ठा दिसताच हॉलमधली कुजबुज अशी थांबली, की एसीचा बिघडलेला पंखा ऐकू येऊ लागला.

“मागच्या शुक्रवारी आपण लिहून दिलेले कागद मी वाचले,” तो म्हणाला. “बावन्न वाटले, सत्तेचाळीस आले. नियम बहुतेकांना हवे आहेत. नावंही सगळ्यांनी दिली आहेत, मोकळ्या मनाने दिली आहेत. ती मी वाचणार नाही.”

पुढच्या दोन रांगांनी श्वास सोडला. मधल्या रांगांना जरा चुटपुट लागली.

“फक्त एक आकडा सांगतो. नियम दुसऱ्यासाठी मागणारे पंचेचाळीस. एक कागद कोरा, तो माझा. आणि नियम स्वतःसाठी मागणारा एक.” तो थांबला. “मला वाटतं, नियमाचा खरा उपयोग त्या एकालाच आहे. आणि त्याला तो आपण लावायची गरज नाही, त्याने आधीच लावून घेतलाय. बाकी पंचेचाळीस जणांना नियम नकोय, पोलीस हवाय, तोही शेजारच्या घरी. प्रभू लोकांना ‘माझ्यामागे या’ म्हणाला. जो आला नाही त्याच्यामागे त्याने शिपाई पाठवले नाहीत. शिपाई होते, पण ते दुसऱ्या बाजूचे.” त्याने घड्याळाकडे पाहिले. “साडेतीन मिनिटं झाली. मी थांबतो.”

वक्तशीरपणाच्या अकरा मतदारांनी एकमेकांकडे पाहिले.

“एक मिनिट,” मृणालिनीताई म्हणाल्या. “नावं नको वाचूस. पण तो एक कोण, हे तरी सभेला कळायला हवं. तो आदर्श आहे.”

“ताई, नाव न सांगायचं ठरलंय.”

“चांगल्या गोष्टीत कसली लपवाछपवी? सांग.”

“नाही,” समाधान म्हणाला.

अकरावी नाही, असे कुणीतरी पुटपुटले.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. केरू उभा राहिला. हातात टोपी होती, कंपनीच्या नावाची. “म्या लिवलं, ताई,” तो म्हणाला. “दारूचा नियम माझ्यासाठीच हाये, उशिराचा बी माझ्यासाठीच हाये. काई खोटं न्हाई त्यात.” मग थोडे थांबून म्हणाला, “फकस्त कंपनीला कळवू नका. देवाला म्या सवता कळवलंय.”

आणि खाली बसला.

ताईंच्या गळ्यातला चष्मा ताईंनी डोळ्यांवर चढवला, परत काढला. शलमोनराव छताकडे पाहत होते. ती टाइल त्यांच्या शोरूमची नव्हती. दाराच्या काचेमागे ढोलक दिसू लागला.

वेळ नव्हता म्हणून मतदान लगेच घेतले. लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या. एकोणपन्नास चिठ्ठ्यांत शलमोनरावांना तीस, समाधानला एकोणीस. नियमांचा ठराव वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. छायाने नवऱ्याकडे पाहिले; त्याच्या चेहऱ्यावर विशेष काही नव्हते. एकोणीस म्हणजे शून्यापेक्षा पुष्कळ.

लोक उठू लागले. समाधानने गठ्ठा मृणालिनीताईंच्या टेबलावर ठेवला. “हे फाडायचे की ठेवायचे, ते अध्यक्षांनी ठरवावं. माझी मुदत एकतीस डिसेंबरपर्यंत आहे, पण कागद माझ्याकडे नकोत.”

गठ्ठ्यात सगळ्यात वर, का कुणास ठाऊक, हिरव्या शाईचा कागद होता आणि त्याच्या लगेच खाली केरूचा. गठ्ठा छायाने बांधला होता.

मृणालिनीताईंनी वरचा पाहिला. मग खालचा काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच नाव होते. एका कागदावर ते तीन वेळा होते, दुसऱ्यावर दहा वेळा, पासपोर्ट नंबरासकट.

“याने तर माझ्यापेक्षा सात जास्त लिहिलेत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चहाड्यांचासुद्धा लिहिलाय.” त्या त्या ओळीकडे पाहत राहिल्या. “तिथं कुणाचं नाव जास्त आलं रे?”

“नावं सांगायची नाहीत असं ठरलंय, ताई.”

ताईंनी पुढे विचारले नाही. पर्स उघडून दाखल्याचा छापील कागद काढला आणि उलगडला. त्यावर ‘नियमित आहे: होय / नाही’ आणि ‘निर्व्यसनी आहे: होय / नाही’ अशा दोन ओळी होत्या. समाधानने त्या दोन्ही आडव्या रेघेने खोडल्या होत्या आणि खाली, या वेळी समासात नव्हे तर मधोमध, लिहिले होते: ‘केरू बाबुराव पारखे आमच्यात सहा वर्षे स्वतःच्या पायांनी येतात. त्यांना कुणी आणत नाही.’

“हे नमुन्यात बसत नाही,” ताई म्हणाल्या.

“नाही बसत.”

तमिळ मंडळींनी दार ढकलले. एकजण हार्मोनियम घेऊन थेट टेबलापाशी आला आणि नम्रपणे उभा राहिला. ताईंनी त्याला एका हाताने थांबवले, दुसऱ्या हाताने हिरवे पेन शोधले आणि सही केली. मग शिक्का मारला. शाई वाळली होती, म्हणून तोंडाजवळ नेऊन शिक्क्यावर हाः केले आणि परत मारला.

केरू खुर्च्या रचत होता. समाधानने कागद त्याच्या हातात दिला. केरूने तो वाचला नाही, आधी शिक्का बघितला. “उठलाय चांगला,” तो म्हणाला, आणि घडी घालून टोपीत ठेवला.

जानेवारीत शलमोनरावांनी कारभार हाती घेतला. दप्तर न्यायला ते दोनदा आले, दोन्ही वेळा त्यांच्या गाडीत जागा नव्हती, त्यामुळे दप्तर समाधानच्या पलंगाखालीच राहिले. सकाळच्या प्रार्थनेची तपासणी करायला सहा वाजता कोण जाणार यावर समितीत चर्चा झाली आणि ती अजून चालू आहे. दार साडेतीनला आतून लावायचा नियम एका शुक्रवारी अमलात आला. त्या दिवशी शलमोनराव पावणेचारला पोहोचले.

केरू फेब्रुवारीत लग्न उरकून परतला. समाधानसाठी त्याने शेवेचे लाडू आणले आणि गावच्या पास्टरांचे पत्र. ते समाधानने उभ्या उभ्याच वाचले. पास्टरांनी लिहिले होते: ‘आपला दाखला वेळेवर मिळाला. घोषणा तिन्ही रविवारी वाचल्या, हरकत आली नाही. दाखल्यात होय किंवा नाही यांपैकी काहीच लिहिलेले आढळले नाही. तथापि शिक्का स्पष्ट असल्याने चालवून घेतले.’

“काय म्हनत्यात?” केरूने विचारले.

“चाललं म्हणतात.”

“म्या म्हनलं नव्हतं, शिक्का चांगला उठलाय म्हनून,” केरू म्हणाला, आणि तिसरे गीत चालू होते म्हणून जाऊन शेवटच्या रांगेत बसला.